पळणारी, स्वस्त आणि घरी येणारी

भाचीचा फोन आला तेव्हा सकाळचे सव्वानऊ वाजले होते आणि मी राजारामपुरीत सिटी बसच्या थांब्यावर उभा होतो. "मामा, पप्पा गेले," स्नेहल म्हणाली. आवाज स्थिर होता. केव्हा, असे मी विचारले. "पावणेनऊला. चहा घेतला, खुर्चीत टेकले, आणि… डॉक्टर येऊन गेले आत्ताच. तू ये." मी शिवाजी पेठेत पोचलो तेव्हा दारात चपला दाटल्या होत्या आणि माझी थोरली बहीण, अक्का, आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि शेजारची जागा हाताने दाखवली. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत उत्तमदाजींविषयी गल्लीत आणि उद्यमनगरात पुष्कळ बोलले गेले, आणि त्यातले निम्मे तरी चुकीचे आहे. रेसच्या नादाने माणूस गेला, असे एकाने मला तोंडावर सांगितले. बेळगावजवळची गाड्यांची स्पर्धा डिसेंबरात झाली आणि दाजी जानेवारीत गेले, एवढ्यावरून लोकांनी दोन्ही गोष्टींची गाठ मारली. प्रत्यक्षात तसे नव्हते. जे होते ते क्रमाने लिहून ठेवावे, इतकाच या मजकुराचा हेतू आहे.

उत्तमदाजींचे गॅरेज उद्यमनगरात, ओतकामाचे लाकडी साचे, म्हणजे पॅटर्न, करणाऱ्या एकाच्या शेडच्या मागे. दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा, एक जुने लेथ मशीन, आणि खिळ्याला टांगलेले कॅलेंडर. आयटीआय करून ते आधी शेतीपंपाच्या ऑइल इंजिनच्या कारखान्यात लेथवर होते, पुढे स्वतःचे गॅरेज काढले. लोक त्यांना उत्तममिस्त्री म्हणत. कोल्हापुरात गाडी पळवण्याची हौस जुनी आहे. दर महिन्याला कुणीतरी तरुण जुनी गाडी घेऊन येई आणि "मिस्त्री, हिला पळती करून द्या" म्हणे. दाजी हातातले काम न थांबवता एकच प्रश्न विचारत. "पळणारी पायजे, स्वस्त पायजे, का घरी येणारी पायजे? तिनातल्या दोन सांगा." पोरगा विचारात पडे. बहुतेक जण पळणारी आणि स्वस्त सांगत. "मग घरी यायला रिक्षा हाय की," असे म्हणून दाजी कामाला लागत. ज्याला तिन्ही पाहिजे असत त्याला ते चहा पाजून परत पाठवत.

स्वतःसाठी मात्र त्यांना तिन्ही पाहिजे होते. पाच वर्षांपूर्वी त्यांनी भंगारवाल्याकडून एक लिटरची, वीस वर्षे जुनी छोटी गाडी उचलली. पत्रा गंजलेला, इंजिन बंद, कागदपत्रे मात्र ठीक. एका डिझेल गाडीच्या भंगारातून इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो काढला, त्याला जोडायचा पाइप स्वतः वाकवला, लागतील ते आडवेतिडवे भाग लेथवर करून घेतले. दुकानातून विकत आणलेली वस्तू शोधावी लागे. मी एकदा म्हणालो, "दाजी, तुमचाच नियम तुम्ही मोडताय." ते म्हणाले, "नियम इकत घेणाऱ्याला हाय, पावणं. करणाऱ्याला न्हाई. पैसं न्हाईत तर येळ घालायचा. येळ हाय की आपल्याकडं रग्गड." मेहुणा म्हणून ते मला कायम पावणं म्हणत, आणि त्यात थोडी चेष्टा असेच. या हिशेबात वेळ कधी संपणार नाही असे धरलेले होते, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आले नाही.

बेळगावजवळ एका माळावर दर डिसेंबरात हौशी लोकांची स्पर्धा होते. मातीचा रस्ता आखलेला असतो, गाडी एकेकाने चालवायची, दिवसभरात सहा धावा, आणि सहाही धावांच्या वेळेची बेरीज धरतात. एक धाव राहिली की माणूस यादीतून बाद. बाकीचे स्पर्धक गाड्या ट्रकवर घालून आणत. दाजींचा आग्रह असा, की गाडी स्वतःच्या चाकांवर जाईल आणि स्वतःच्या चाकांवर शिवाजी पेठेत परत येईल. ट्रकचे भाडे वाचते, हे त्यातले एक कारण. दुसरे त्यांनी मला एकदाच सांगितले. "तू पेपरात लिवतोस कोण जिंकला. घरी कोण पोचला ते लिवतोस काय?" मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो. लिहीत नव्हतो, हे खरे.

पहिल्या वर्षी दाजींनी पहिल्या दोन धावांत सगळ्यांना मागे टाकले. तिसऱ्या धावेत पिस्टन जळाला आणि गाडी टेम्पोतून घरी आली. कारण त्यांना माहीत होते; टर्बोचा दाब जास्त ठेवला होता, जुगार होता, हरले. दुसऱ्या वर्षी दाब उतरवला. सहाही धावा पूर्ण झाल्या, पाचवा क्रमांक आला, आणि परत येताना तवंदी घाटात इंजिनातून ठोक्यांचा आवाज सुरू झाला. बेअरिंग गेले होते. कारखान्याला ऊस टाकून रिकामा परतणारा एक ट्रॅक्टर तिथे थांबला. ट्रॅक्टरवाल्याने उतरून गाडीला एक फेरी मारली. "काय पावणं, गाडीच्या अंगावर नंबर कशाला घातलाय?"

"रेसची गाडी हाय," दाजी म्हणाले.

"रेसची म्हणतासा, आनि वढायला ट्रॅक्टर लागतोय व्हय."

दाजी हसले नाहीत. "दोर लावा," एवढेच म्हणाले. कागलच्या पुढे येईपर्यंत ते समोरच्या दोराकडे बघत स्टिअरिंग धरून बसले होते. मी शेजारी होतो. पाचवा नंबर काही कमी नाही, असे मी म्हणून पाहिले. "कागदावर पाचवा. रस्त्यात शेवटचा," ते म्हणाले. त्यांनी नवे बेअरिंग बसवले, आणि पुढे महिनाभर ऑइल विकणाऱ्याला शिव्या दिल्या, बेअरिंग विकणाऱ्याला दिल्या, आणि दोघांकडे जाणे सोडले.

त्यानंतर शिमग्याच्या सुमारास त्यांना जिना चढताना दम लागू लागला. तपासण्या झाल्या. हृदयाचे पंपिंग निम्म्याहून खाली आले आहे, असे डॉक्टरांनी सांगितले; ओझे उचलायचे नाही, धावपळ नाही, स्पर्धेत गाडी चालवणे तर नाहीच. नीट राहिलात तर बरीच वर्षे जातील, असेही म्हणाले. बाहेर आल्यावर दाजी मला म्हणाले, "म्हंजे गॅरंटी न्हाई. वॉरंटी हाय, तीबी अटी घालून." त्या दिवशी ते गॅरेजला गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी गेले, आणि बॉनेट उघडून समोर स्टूल टाकून बसले. हात न लावता गाडीकडे पाहत बसलेले दाजी मी प्रथमच पाहिले.

इथे स्नेहलची ओळख करून दिली पाहिजे. ती कुरुंदवाडजवळच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. उसाचा रस कोणत्या टप्प्यावर किती डिग्रीला असावा, त्यात काय किती असावे, हे मोजणे तिचे रोजचे काम. बापाच्या गाडीत तिने तोवर कधी लक्ष घातले नव्हते. चालवायची मात्र चांगली. दाजींना आता वाकता येत नाही म्हणून ती रविवारी ऑइल बदलायला गेली. काढलेल्या जुन्या ऑइलने डबा भरल्यावर तिने त्यात बोट बुडवले आणि नाकाशी नेले. "पप्पा, ह्याला पेट्रोलचा वास येतोय."

"गॅरेजात कशाला पेट्रोलचा वास येत न्हाई ते सांग."

ती वाद घालत बसली नाही. गाळण कागदावर त्या ऑइलचा एक थेंब टाकून कागद खिडकीत ठेवला. तासाभराने मधला काळा डाग आणि त्याभोवती पेट्रोलने पसरलेले फिकट, रुंद कडे तिने बापापुढे धरले. मग गाडी वीस मिनिटे फिरवून आणली आणि थर्मामीटर लावून इंजिनच्या पाण्याचे तापमान घेतले. अठ्ठावन्न डिग्री. ऐंशीच्या वर पाहिजे होते. "थर्मोस्टॅट कुठं आहे?" तिने विचारले.

"काढून टाकला. कोल्हापुरात कोन ठेवतंय तो?"

हे खरे होते. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी ही छोटी झडप आमच्याकडच्या गॅरेजांत सर्वांत आधी काढली जाते. ऑइल इंजिनवर हात बसलेल्या मिस्त्रींची समजूत अशी, की पाणी जितके मोकळे फिरेल तितके इंजिन सुखी, अडवणूक कशाला? गिऱ्हाइकालाही तापमानाचा काटा खाली राहिलेला बघून बरे वाटते. दाजींनी पंचवीस वर्षांत किती गाड्यांमधला थर्मोस्टॅट काढला याची मोजदाद नाही. लेथच्या खाली बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता, तो त्यांनी भरला होता. स्नेहलने शांतपणे सांगितले, की थंड इंजिनाला गाडीचा कॉम्प्युटर जास्त पेट्रोल पाजतो, ते पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते, आणि पातळ ऑइलवर बेअरिंग टिकत नाही. "आमच्यात रस कमी तापला तरी माल बिघडतो, पप्पा. जास्त तापला तरच बिघडतो असं नसतं."

दाजींनी तो कागद हातात घेऊन पुन्हा पाहिला. सोमवारी त्यांनी एकही गाडी हातात घेतली नाही. अक्काने मला फोन करून सांगितले, की त्यांचा जीव घाबरा झालाय का बघ. मी गॅरेजात गेलो तर ते बिस्किटांचा डबा मांडीवर घेऊन बसले होते, एकेक थर्मोस्टॅट पुसत होते. "घाटात बेअरिंग गेलं ते माझ्यामुळं," ते म्हणाले. "दुकानदाराला शिव्या दिल्या उगंच. आनि ही सगळी…" त्यांनी डब्याकडे बोट दाखवले आणि वाक्य सोडून दिले.

त्या आठवड्यात गॅरेजच्या दारावर पाटी लागली. अक्षर त्यांचेच. "थर्मोस्टॅट काढला जाणार नाही. पूर्वी काढलेला मोफत बसवून मिळेल." मी पाटी वाचत असताना ते मागे येऊन उभे राहिले. "पेपरात चूकभूल छापता की न्हाई तुम्ही, पावणं? आम्हीबी छापलीया." ज्या दुकानदारांना शिव्या दिल्या होत्या त्या दोघांकडेही ते जाऊन आले. जुन्या गिऱ्हाइकांना स्वतः फोन केले. काही आले. काही म्हणाले, मिस्त्री, काटा खालीच बरा दिसतोय, राहू द्या. त्यांच्याशी दाजी भांडले. उद्यमनगरातल्या दुसऱ्या मिस्त्रींनी चेष्टा केली, की पोरीनं मिस्त्रीला शाळेत घातलं. "घातलं," दाजी म्हणाले. "तुम्हाला घालायला पोरगीच न्हाई, मी काय करू?"

मग तिसऱ्या डिसेंबरची तयारी सुरू झाली. स्नेहल चालवणार, हे बापलेकीने परस्पर ठरवून टाकले होते. अक्काने विरोध केला तो वेगळ्याच मुद्द्यावर. "पोरगी चालवू दे. खरं तुम्ही त्यातनं जाणार आनि घाटात बंद पडली, तुम्हाला काय झालं, तर ट्रॅक्टरनं न्यायचं काय दवाखान्यात? तुम्ही एसटीनं जावा."

"गाडीबरोबर जानार, गाडीबरोबर येनार."

"मग ती बंद पडायची न्हाई. आधी मला दाखवा, मग जावा."

अक्काची अट अशी, की दोन महिने स्नेहलने रोज त्याच गाडीने कामावर जायचे. शिवाजी पेठ ते कारखाना, जाऊन येऊन शंभरच्या आसपास किलोमीटर, उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांमधून. एकदा जरी बंद पडली तरी बेळगाव रद्द. गाडीच्या बाबतीत दाजींना कुणी अट घातलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. त्यांनी ती मान्य केली, आणि दुसऱ्याच दिवशी टर्बो काढला. स्वतः वाकवलेला पाइप सोडवताना ते थांबतील असे मला वाटले. थांबले नाहीत. "घोडं म्हातारं हाय. चाबूक मारून कुठवर पळवायचं? ओझं उतरवूया." इंजिन मूळचे, बेअरिंग नवी, थर्मोस्टॅट जागेवर, आणि वेग हवा तर वजन कमी करायचे. मागची सीट, गालिचे, आवाज अडवणारे डांबरी पत्रे, काचा वरखाली करणारी दारांतली यंत्रे, सगळे निघाले. यातल्या कशालाही खर्च नव्हता आणि कशानेही इंजिन बिघडणार नव्हते. मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर आम्ही काढलेले सामान तोलायला नेले. गुळाचा एक रवा तीस किलोचा, म्हणून तिथले हमाल वजन रव्यांत सांगतात. "मिस्त्री, तीन रवं झालं," हमाल म्हणाला. पुढच्या खेपेला चौथा झाला. "मीबी आठ किलो उतरलोय शिमग्यापास्नं," दाजी म्हणाले. "तेबी धर त्यात." हमाल हसला. मी हसलो नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहून हसले.

गाडी दोन महिन्यांत एकदाही बंद पडली नाही. पूर्वी काम बिघडले तर दाजी म्हणत, परत करू. आता म्हणत, एकदाच नीट करू. वेळेची उधळपट्टी थांबली होती, आणि ती थांबल्यावर काम जास्त चांगले होऊ लागले होते.

डिसेंबरात दाजी आणि स्नेहल त्या गाडीतून पुढे गेले आणि मी माझ्या गाडीतून मागे. अक्काने माझ्या डिकीत दोर ठेवला होता आणि दाजींच्या गोळ्या माझ्या खिशात. पाच धावा झाल्या तेव्हा स्नेहल तिसरी होती. चौथा एका सेकंदाच्या आत होता, आणि कप पहिल्या तिघांनाच मिळणार होता. वेगाच्या काट्याशेजारी इंजिनच्या फेऱ्यांचा जो काटा असतो, त्यावर दाजींनी सहा हजारांवर लाल चिकटपट्टी लावली होती. त्याच्या वर न्यायचे नाही. शेवटच्या धावेआधी स्नेहल म्हणाली, "फक्त ही एक धाव, पप्पा. साडेसहापर्यंत जाऊ दे. कप येतो."

"पट्टीच्या आत."

"तुम्ही असता तर दाबली असती."

"व्हय," दाजी म्हणाले. "म्हनून तर पयल्या साली टेम्पोत घालून आनली."

ती पट्टीच्या आत राहिली. चौथी आली. हेल्मेट काढून तिने ते मागे, जिथे सीट नव्हती तिथे टाकले, आणि संकेश्वरपर्यंत बापाशी बोलली नाही, असे दाजींनी मला नंतर सांगितले. तवंदी घाट चढून वर आल्यावर गाडी थांबलेली दिसली आणि माझा हात खिशातल्या गोळ्यांकडे गेला. जवळ गेलो तर दोघे चहाच्या टपरीवर उभे होते. "बंद पडली?" मी विचारले. "न्हाई. चहा प्यायचा हुता," दाजी म्हणाले. इंजिन चालूच ठेवले होते. ते टपरीच्या बाकावर बसून ऐकत होते, आणि स्नेहल त्यांच्याकडे पाहत होती. थोड्या वेळाने तिने आपला अर्धा चहा त्यांच्या कपात ओतला. डॉक्टरांनी दिवसाला दोनच कप सांगितले होते. हा चौथा असावा. 

संध्याकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी गाडी शिवाजी पेठेत, दारात उभी राहिली. अक्का बाहेर आली. "आली काय?" "चालत आली," दाजी म्हणाले. अक्काने भाकरीचा तुकडा दोघांवरून ओवाळला, क्षणभर थांबली, आणि मग बॉनेटवरूनही ओवाळून टाकला. दोर माझ्या डिकीत तसाच होता. पाच आठवड्यांनी दाजी गेले. त्या पाच आठवड्यांत त्यांनी गाडीवर काहीही काम केले नाही. करण्यासारखे काही उरले नाही, असे त्यांनी मला सांगितले, आणि ते समाधानाने सांगितले. हे मी मुद्दाम नोंदवतो.

दिवसकार्य झाल्यावर नातेवाइकांत गाडीचा विषय निघाला. एकाने गिऱ्हाईक आणले होते. दुसऱ्याचे म्हणणे, झाकून ठेवा, आठवण आहे. अक्का म्हणाली, "झाकून ठेवली की गंजती. त्यांनीच सांगितलंया." दुसऱ्या दिवशी स्नेहल त्याच गाडीने कामावर गेली. तेव्हापासून रोज जाते.

गेल्या आठवड्यात मला कुरुंदवाडला काम होते म्हणून मी तिच्याबरोबर गेलो. डावीकडच्या सीटवर बसलो तर गुडघे पुढे टेकले. सीट मागे सरकवायला हात खाली घातला. दांडा सापडला नाही. "सरकत नाही, मामा," ती म्हणाली. "बेळगावच्या आधी पप्पांनी खालची रेल काढून तळाला वेल्डिंग केलं. माझी माझ्या मापानं, ही त्यांच्या मापानं." ते माझ्यापेक्षा चार बोटे बुटके होते. पाठीचा कोनही त्यांचाच, जरा मागे कललेला, दम लागू नये असा.

"ग्राइंडर लावून सोडवून घे की," मी म्हणालो. "कुणी ना कुणी बसणारच इथं."

"रेल घातली की साडेतीन किलो वाढतात," स्नेहल म्हणाली. "येत्या डिसेंबरला नाव दिलंय मी." तिने शिरोळच्या पुढे उसाचा एक ट्रॅक्टर मागे टाकला. मी गुडघे तिरके करून नीट बसलो.